भोकं पाडा, धूर पकडा

नगरच्या नागापूर एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याच्या सर्व्हर रूममध्ये किंवा पॅनल रूममध्ये छताखालून लाल पाइप गेलेला दिसला, तर लगेच ‘आग विझवायचं पाणी’ म्हणून मोकळे होऊ नका. शिडी लावून टिचकी मारून बघा. लोखंडासारखं खणखणलं नाही, नुसतं टकटक वाजलं, तर समजा की पाइप प्लास्टिकचा आहे आणि त्यात पाण्याचा थेंबही नाही. त्याला मुद्दाम भोकं पाडलेली असतात. त्या भोकांतून खोलीतली हवा रात्रंदिवस आत ओढली जाते आणि भिंतीवरच्या एका डब्यात जाते. डब्यात छोटा पंखा, फिल्टर आणि लेझर. हवेत धूर आहे की नाही, एवढं एकच काम तो डबा जन्मभर करतो. कंपनी कुठलीही असो, बाजारात त्याला ‘वेस्डा’च म्हणतात.

छताला चिकटवलेला नेहमीचा पांढरा स्मोक डिटेक्टर धूर आपल्यापर्यंत पोचेपर्यंत गप्प असतो. एसी जोरात चालू असेल, छत उंच असेल, तर तो धूर वाटेतच पातळ होतो आणि डिटेक्टर बिचारा कोराच राहतो. इथे पंखा स्वतः हवा ओढून आणतो. फरक एवढाच, पण मोठा.

लाखातले पाच

धूर किती दाट, हे मोजायचं माप असं : एक मीटर हवेतून जाताना प्रकाश किती टक्के कमी झाला? या यंत्रणांतली चांगली यंत्रं 0.005 टक्क्यापासून 20 टक्क्यांपर्यंत मोजतात. 0.005 टक्के म्हणजे लाख भाग प्रकाश निघाला आणि त्यातले पाच वाटेत गळाले. एवढा धूर डोळ्याला दिसत नाही, नाकाला जाणवला तर नशीब. वायरचं इन्सुलेशन नुसतं तापून वास सोडायला लागतं, त्या वेळचा हा हिशेब. ज्वाळा अजून लांब आहे.

परीक्षकच पहिला आला

या यंत्राचा जन्म ऑस्ट्रेलियात झाला आणि तोही जरा आडवाटेनं. 1970 च्या सुमारास तिथल्या सरकारी संशोधन संस्थेतले, सीएसआयआरओतले शास्त्रज्ञ, जंगलातल्या वणव्यांचा धूर नेफेलोमीटर नावाच्या उपकरणानं मोजत होते. हवेतल्या कणांवर प्रकाश पडला की तो विखुरतो. किती विखुरला ते मोजायचं. त्याच सुमारास तिथल्या टपाल-टेलिफोन खात्याला टेलिफोन एक्स्चेंजमधल्या आगींची धास्ती होती. खात्यानं आपल्या एका इमारतीत बाजारातल्या सगळ्या डिटेक्टरांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. धूर नक्की किती झाला याची नोंद राहावी, म्हणून नेफेलोमीटर एसीच्या परतीच्या हवेच्या डक्टवर लावून ठेवला. आठवडाभर छोट्या छोट्या आगी लावून झाल्या. निकाल असा लागला की परीक्षेला बसलेले बरेचसे नापास आणि कामाचा ठरला तो परीक्षकच. 1980 च्या दशकात त्याचंच विकण्याजोगं यंत्र झालं.

अपघाताच्याच रांगेतली आणखी एक गोष्ट. 1930 च्या दशकात स्वित्झर्लंडचा वॉल्टर येगर विषारी वायू ओळखणारं यंत्र बनवायला बसला होता. वायू काही ओळखेना. वैतागून त्यानं सिगारेट पेटवली आणि मीटरचा काटा हलला. घरोघरी पोचलेल्या आयनीकरणाच्या स्मोक डिटेक्टरची सुरुवात ही अशी.

उलटं ठिबक

नागापूरहून मनमाड रस्त्यानं राहुरीकडे निघालात की दोन्ही बाजूंना ठिबकच्या नळ्या दिसतात. ज्यानं शेतात ठिबक अंथरलंय, त्याला या पाइपचं गणित वेगळं शिकवायला नको. पंपाजवळच्या छिद्रातून पाणी जास्त येतं, शेवटच्या झाडाला कमी. इथेही तेच, फक्त पाणी सोडायचं नसून हवा ओढायची. पंख्याजवळचं भोक अधाशीपणानं हवा ओढतं आणि खोलीच्या टोकाचं उपाशी राहतं. म्हणून जवळची भोकं लहान, लांबची मोठी आणि अगदी शेवटच्या टोपीलाही एक भोक. दोन ते चार मिलिमीटरच्या घरातला हा खेळ अंदाजानं जमत नाही. पाइपची लांबी, बेंड किती, टी किती, सगळं कॉम्प्युटरवर घालून प्रत्येक भोकाचं माप काढतात. साइटवर मिस्त्रीनं ‘इथे बीम आडवा आला’ म्हणून दोन बेंड जास्तीचे टाकले, तर तो हिशेब पुन्हा करावा लागतो. बहुतेक ठिकाणी बिनसतं ते इथेच, कारण बेंड टाकणारा एक आणि हिशेब करणारा दुसरा.

पाइप बाहेरून 25 मिमी, आतून साधारण 21. जोड सोल्युशननं चिकटवायचे, मात्र डब्यात जाणारं टोक चिकटवायचं नाही. उद्या डबा काढायचा झाला तर करवत आणावी लागेल. भोक पाडताना ड्रिल हळू फिरवायचं. जोरात फिरवलं तर प्लास्टिक वितळून कडेला झालर धरते आणि आतला भुसा पुढे फिल्टरपर्यंत प्रवास करतो. जुना मिस्त्री भोक पाडून झालं की पाइप उलटा करून दोनदा थापटतो, मग भोकावरून बोट फिरवून बघतो. बोटाला काही खरखरीत लागलं नाही, तरच पाइप वर चढतो.

आता एक कोडं. चाळीस भोकांपैकी एकाच भोकापाशी धूर आला, तर बाकीच्या एकोणचाळीस भोकांतली स्वच्छ हवा त्यात मिसळून तो पातळ होणार. मग यंत्र फसलं का? एका भोकापुरतं थोडं फसलंच. पण खऱ्या आगीचा धूर एका भोकापाशी थांबत नाही, पसरतो. तीन-चार भोकांत शिरला की डब्यात त्याची बेरीज होते. साध्या डिटेक्टरांना अशी बेरीज येत नाही. शेजारच्याला काय दिसतंय याचा त्यांना पत्ताच नसतो.

जहाजावरचा जुना पाइप

पाइपमधून धूर ओढायची कल्पना मात्र कारखान्यांच्या आधीची, जहाजांवरची. मालाच्या प्रत्येक होल्डमधून एक नळी वर यायची आणि आलटूनपालटून प्रत्येक होल्डची हवा तपासली जायची. गंमत पुढे आहे. ज्या नळीतून धूर वर आला, त्याच नळीतून कार्बन डायऑक्साइड खाली सोडून आग गुदमरवायची. जहाजांच्या आंतरराष्ट्रीय अग्निसुरक्षा संहितेत या पद्धतीला आजही स्वतंत्र प्रकरण आहे.

होल्डमधला धूर वेळेवर कळणं किती मोलाचं, हे मुंबईनं 14 एप्रिल 1944 ला पाहिलं. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाज उभं होतं. पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकं आणि कराचीत भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी. दुपारी साडेबाराच्या सुमारास शेजारच्या जहाजांवरच्या काही माणसांना व्हेंटिलेटरमधून धूर निघताना दिसला होता. आरडाओरडा कुणी केला नाही. आग लागल्याचं जहाजावर कळलं तेव्हा दोनच्या आसपास वेळ झाली होती. मग नऊशे टनांवर पाणी ओतलं, पण दाट धुरात आग नेमकी कुठे आहे तेच सापडेना. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला. विझवायला गेलेले 66 अग्निशमन जवान त्या दिवशी गेले. 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सप्ताह देशभर पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. एमआयडीसीत त्या आठवड्यात फलक लागतात, मॉक ड्रिल होतं. धूर दिसणं आणि स्फोट होणं यांत साडेतीन तास होते, हे मात्र फलकावर क्वचितच वाचायला मिळतं.

पाचट पेटलं तर?

यंत्र इतकं तिखट असेल, तर नगर जिल्ह्यात त्याचं कसं व्हायचं? इथे ऊस तुटला की पाचट पेटतं, दिवाळीत लवंगी माळा, शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग. बाहेरची हवा आत येतेच. त्यावर उपाय आहे आणि मला सगळ्या यंत्रणेत आवडलेली हुशारी तीच : बाहेरून येणाऱ्या हवेच्या तोंडाशी दुसरा एक डबा लावायचा, ‘रेफरन्स’ म्हणून. बाहेर किती धूर आहे ते तो सांगतो, आतला डबा तेवढा वजा करतो. उरला तो घरचा धूर. शिवाय नवं यंत्र बसवल्यावर त्याला साधारण दोन आठवडे नुसतं ‘शिकू’ देता येतं. या खोलीची नेहमीची हवा कशी असते, सकाळच्या शिफ्टला काय होतं, रात्री काय, हे बघून ते आपली पातळी ठरवतं. हे शिकवणीचे दिवस रंगकाम चालू असताना घेतले, तर यंत्र रंगाच्या वाफेलाच नेहमीची हवा समजेल. तेवढं भान माणसानं ठेवायचं.

चार घंटा

हे यंत्र एकदम ‘आग! आग!’ करत नाही. त्याच्या चार पायऱ्या आहेत : सावध, हालचाल करा, आग एक, आग दोन. एका प्रसिद्ध यंत्राची कारखान्यातून येतानाची मांडणी 0.08, 0.14, 0.20 आणि 2.0 टक्के प्रतिमीटर अशी असते. पहिली घंटा भोंग्यावर न देता फक्त मेन्टेनन्सवाल्याकडे जावी, त्यानं टॉर्च घेऊन पॅनल उघडून बघावं, हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात रात्रपाळीला पिवळा दिवा लागला की ‘असू दे, परवापण लागला होता’ म्हणून रिसेटचं बटण दाबणारा एक तरी महाभाग असतो. लाखातले पाच मोजणारं यंत्र त्याच्यापुढे हात टेकतं.

उदबत्ती आणि स्टॉपवॉच

बसवून झालं, आता तपासायचं कसं? कागदोपत्री पद्धत अशी : एक-दोन मीटर बारीक पीव्हीसी तार घ्यायची, सहा व्होल्टचा प्रवाह सोडून एक ते तीन मिनिटं तापवायची आणि तिच्या वासभर धुरावर यंत्र बोलतं का ते बघायचं. रोजच्या कामात उदबत्तीही चालते. एक जण शिडीवर शेवटच्या भोकाखाली उदबत्ती धरतो, दुसरा डब्यापाशी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून उभा.

“साहेब, भोंगा वाजला तर पळू नका, टेस्टिंग चालू आहे.”

“भाऊ, आधी गॅस बायपास केलाय ना?”

हा प्रश्न लाखाचा आहे, अक्षरशः. पॅनल रूममध्ये पुष्कळदा याच यंत्रणेला आग विझवणाऱ्या गॅसची नळकांडी जोडलेली असतात. बायपास विसरलं तर उदबत्तीच्या धुरावर सगळा गॅस सुटतो आणि तो पुन्हा भरायचं बिल बघून मालक पेटतो. वेळेचं म्हणाल तर सर्वात लांबच्या भोकातून डब्यापर्यंत धूर यायला अमेरिकी संहितेप्रमाणे 120 सेकंदांपेक्षा जास्त लागता कामा नयेत. युरोपच्या सर्वात कडक वर्गात ही मर्यादा 60 सेकंद आहे.

जिथे डिटेक्टर जात नाही

एमआरआयच्या खोलीत लोखंडासारखा धातू नेता येत नाही. प्लास्टिकचा पाइप आत आणि डबा बाहेर, प्रश्न मिटला. तुरुंगाच्या कोठडीत छतावर काही लटकवलं तर ते तोडलं जातं. तिथे जाळीमागे एक भोक पुरतं. जुन्या वाड्यांच्या, राजवाड्यांच्या नक्षीदार छतात पाइपला जोडलेली बारीक केशनळी बसवली की खालून ठिपकाही दिसत नाही. शीतगृहात मात्र गार पाइप आणि बाहेरची दमट हवा यांचं भांडण लागतं : पाइपात पाणी साठतं, भोकावर बर्फ धरतो. म्हणून पाणी गोळा करायचा सापळा लावतात आणि तपासून झालेली हवा परत त्याच खोलीत सोडतात. ती बाहेर सोडली तर आतल्या-बाहेरच्या दाबातल्या फरकानं प्रवाहच बिघडतो.

नगरचं सिव्हिल

इथे चटपटीतपणा बाजूला ठेवतो. 6 नोव्हेंबर 2021, भाऊबीज. तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली आणि 11 रुग्ण गेले. त्याच वर्षी 9 जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आगीनं 10 बाळं गेली होती. अंगाला नळ्या लावलेला माणूस धूर बघून उठून पळत नाही. त्याला कुणी तरी उचलून न्यावं लागतं. अशा ठिकाणी मिनिटभर आधी कळलं, तर एखादा पलंग जास्त बाहेर निघतो.

रंगारी, कोळी आणि जुलै

या यंत्रणेला सर्वात मोठा धोका रंगाऱ्याचा. छताला रंग देताना तो पाइपही मन लावून रंगवतो आणि भोकं बुजतात. पण डब्याला हवेचा प्रवाह कमी झाल्याचं कळतं आणि तो तक्रार करतो. पाइप निखळला तर प्रवाह वाढतो, तेव्हाही तक्रार. कोळ्याचं जाळं, धूळ, कापसाचा भुगा यांच्यासाठी फिल्टर आहे, तो वेळच्या वेळी बदलायचा. पाइप कॉम्प्रेसरनं फुंकून साफ करायचा असेल, तर आधी डबा पाइपपासून सोडवायचा. नाही तर सगळी घाण थेट लेझरच्या तोंडावर. ठिबकवाला शेवटची टोपी काढून नळी धुतो, इथेही टोपी काढूनच फुंकायची.

कायद्याचं म्हणाल तर ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006’ प्रमाणे इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. त्यामुळे डिसेंबर आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात कारखान्यांत शिड्या अचानक बाहेर येतात आणि सहा महिने पिवळा असलेला दिवा एकदाचा हिरवा होतो.