उतरायचं, तर आधी चढायचं!

“सायकलवरून लेहला? का, गाड्या बंद पडल्या की काय?” शेजारच्या काकूंनी विचारलं, तेव्हा मी नुसता हसलो. पुण्याच्या माणसाने सायकलचं समर्थन करत बसावं, असे दिवस आलेत खरे! पसरणीचा घाट मी कॉलेजात असल्यापासून सायकलने चढतोय. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले आणि त्यातले आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा हे तिघं १९२८ साली पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले, ही गोष्ट भाच्याला मी त्याच्या शाळेपासून ऐकवत आलोय. त्यामुळे २०१७ साली तो म्हणाला, “मामा, मनाली-लेह करू या”, तेव्हा नाही म्हणायची सोयच नव्हती. ताई एवढंच म्हणाली, “तुझ्या भरवशावर पाठवतेय हं.”

रस्ता पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत पाच खिंडी, शेवटची टांगलांग ला सतरा हजार फुटांच्या वर. रोहतांगखालचा बोगदा २०२० साली सुरू झाला. आमच्या वेळी तेरा हजार फुटांचा रोहतांग चढूनच जावं लागे. सप्टेंबर होता. मढीच्या पुढे पाऊस लागला आणि माथ्यावर त्याचंच बर्फ झालं. लोकांना वाटतं, त्रास चढात असतो. चढात अंग तापलेलं असतं हो! खरी परीक्षा उतारावर. घामाने भिजलेल्या अंगाला वारा झोंबतो, ब्रेकवरची बोटं लाकडासारखी होतात. मोज्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि विंडचीटरच्या आत छातीशी वर्तमानपत्र घातलं. रविवारच्या पुरवणीचा इतका ऊबदार उपयोग मी आजवर केला नव्हता.

केलाँगला एक दिवस विश्रांती ठरली होती. तिथे पोचलो तर आकाश निळंभोर! मी म्हटलं, हवा चांगली आहे तोवर पुढे सरकू. हा निर्णय माझा, एकट्याचा. दारच्याला एक रात्र, झिंगझिंगबारला एक, आणि तिसऱ्या दिवशी सोळा हजार फुटांची बारालाचा ला. दुपारी ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं आणि रस्त्यावरचे नाले फुगतात. गुडघाभर गार पाण्यातून सायकली ढकलल्या. भाचा माझ्या मागे पडत होता. एरवी तो मला मागे वळून हाका मारतो. पण मला त्या दिवशी वाटलं, वा, मामा अजून तरुण आहे!

संध्याकाळी सरचू. तंबूतल्या ढाब्यावर त्याने राजमा-चावलाची थाळी बाजूला सारली. “थोडं डोकं दुखतंय, मामा.” मी गोळी दिली. रात्री दोनदा उलटी झाली. सकाळी बुटाची नाडी बांधायला तो वाकला आणि त्याला ती बांधताच येईना. उभा राहिला, तर पाय वेडेवाकडे पडू लागले. ढाब्याच्या मालकिणीने एकदाच त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “नीचे ले जाओ. अभी.”

विरळ हवेत मेंदूला सूज येऊ लागली की तोल जातो. त्यावरचा खरा उपाय म्हणजे खाली उतरणं. पण सरचूची गंमत, छे, गंमत कसली, क्रूर थट्टाच! चौदा हजार फुटांवरचं हे पठार दोन्हीकडून खिंडींनी बंद. पुढे लाचुलुंग ला, मागे बारालाचा ला. उतरायचं, तर आधी चढायचं!

लेहहून परतणारा एक ट्रक थांबला. सायकली मागे टाकल्या. बारालाचा पुन्हा ओलांडेपर्यंत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी त्याला मिनिटामिनिटाला बोलतं करत होतो. “तुझ्या आईचं पूर्ण नाव सांग.” तो सांगायचा, पण वेळ लावून. तो प्रत्येक उशीर मला आजही आठवतो. केलाँगच्या दवाखान्यात त्याला प्राणवायू लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चहा मागितला, आणि मी बाहेर जाऊन रडलो.

दहा हजार फुटांच्या पुढे झोपण्याची जागा एका दिवसात दीड-पावणेदोन हजार फुटांहून अधिक चढवू नये, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. हा नियम मला पाठ होता. पण पाठ असणं वेगळं आणि निळ्या आकाशाखाली पाळणं वेगळं.

घरी आल्यावर ताईला सगळं खरं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “परत आणलास ना?”

लेह राहिलंच. भाचा म्हणतो, जाऊ पुन्हा, पण केलाँगला दोन दिवस! मुंबईच्या त्या सहाजणांची गोष्ट मी अजून सांगतो. फरक इतकाच, की पूर्वी मी परतलेल्या तिघांवर थांबायचो. वाटेत थांबलेल्या तिघांनाही काही कारण असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. आता येतं.