स्कॅनरने राजवाडा उभा केला?

बर्लिनचा राजवाडा लेझर स्कॅनिंगमुळे जसाच्या तसा पुन्हा उभा राहिला, असे सर्रास सांगितले जाते. नुसत्या तारखा पाहिल्या तरी हा दावा टिकत नाही. 3 फेब्रुवारी 1945 च्या बॉम्बहल्ल्यात राजवाडा जळाला आणि उरलेल्या भिंती पूर्व जर्मनीच्या सरकारने 1950 मध्ये सुरुंग लावून पाडल्या. पहिला लेझर चालला तो 1960 मध्ये. मग स्कॅन केले तरी कशाचे? स्कॅनर समोरच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मोजतो. भिंतच नसेल तर तो काय मोजणार, एवढी साधी शंकाही कोणाला येत नाही!

बरीचशी मापे मिळाली ती काचेवरच्या जुन्या छायाचित्रांतून. आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हा वास्तुविशारद 1858 मध्ये वेट्झलारच्या कॅथेड्रलचे मोजमाप घेताना पडता पडता वाचला. उंचावर चढण्याऐवजी छायाचित्रांवरून मापे काढावीत, हे त्याला तिथे सुचले. 1885 मध्ये त्याच्याच पुढाकाराने बर्लिनमध्ये यासाठी सरकारी संस्था निघाली. कॅमेऱ्याचे भिंग ते काच हे अंतर नेमके ठाऊक असे आणि काचा 40 सेंमी चौरस, इतक्या मोठ्या असत. एकच कोपरा दोन जागांवरून टिपलेला असला की त्याचे स्थान त्रिकोणमितीने काढता येते. पुढे राजवाड्याच्या पुनर्बांधणीत अशी छायाचित्रे, जुने आराखडे आणि वाचलेले दगडी अवशेष एकमेकांशी ताडून दगडन् दगडाची रेखाचित्रे तयार झाली.

छायाचित्रावरून कंगोऱ्याची उंची कळते, गरुडाच्या पंखाची मागची बाजू कळत नाही. ती शिल्पकारांनाच ठरवावी लागली. बर्लिनच्या श्पांडाउ भागातल्या कार्यशाळेत आकृती आधी पूर्ण मापात मातीत घडवली जाई. तज्ज्ञांची समिती ती जुन्या छायाचित्रांशी ताडून पाही, दुरुस्त्या सुचवी आणि मगच प्लास्टरची प्रतिकृती होई. स्कॅनर येतो तो इथे. काही प्रतिकृती स्कॅन करून संगणकावर चालणाऱ्या यंत्राने वालुकाश्माच्या ठोकळ्यातला नको तो भाग काढला गेला, आणि वरचा पातळ थर छिन्नीसाठी मुद्दाम राखला गेला. म्हणजे स्कॅन झाले ते राजवाड्याचे नव्हे, शिल्पकाराच्या हातच्या कामाचे. पूर्वी प्रतिकृतीवरचा एकेक बिंदू सुईच्या मापयंत्राने उचलून दगडावर नेत असत. स्कॅनरने वाचवले ते हे वेळखाऊ काम. नाक कसे असावे हे त्याने कधीच सांगितले नाही.

दगड ‘छापून’ निघतो, हाही असाच एक समज. यंत्र इथे दगड कोरून काढते, थर चढवत नाही. स्कॅन म्हणजे बिनचूक प्रत, हेही अर्धेच खरे. चांगला स्कॅनर मिलिमीटरच्याही अंशापर्यंत मोजतो, पण खोल खोबणीत त्याची नजर पोचत नाही आणि झिजलेला ओठ तो झिजलेलाच नोंदवतो. पॅरिसचे नोत्र दाम ‘असॅसिन्स क्रीड’ या व्हिडिओ गेमवरून दुरुस्त होणार, ही अफवा तर 2019 च्या आगीनंतर आठवडाभरात जगभर पोचली. गेममधले कॅथेड्रल स्कॅन केलेले नव्हतेच. ते एका कलाकाराने संगणकावर हाताने उभे केले होते आणि खेळाच्या सोयीसाठी त्यात फेरफारही होते. खरे स्कॅन कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी आगीपूर्वी केले होते. तेव्हा छत जागेवर होते, म्हणूनच ती मापे कामाची ठरली.

उरला शेवटचा समज, की बर्लिनचा नवा राजवाडा आतबाहेर जुन्यासारखा आहे. जुन्या रूपात आहेत त्या बाहेरच्या तीन बाजू, घुमट आणि आतल्या श्ल्युटर चौकाच्या तीन भिंती. नक्षीदार दर्शनी भागामागे वीट आणि सळईचे काँक्रीट आहे, आणि नदीकडची पूर्वेची बाजू वास्तुविशारद फ्रांको स्टेला यांनी उघडपणे आधुनिक ठेवली आहे.