एकाच दिवशी दोन बटणं

तुम्ही नांदेडचे मतदार असाल तर २० नोव्हेंबर २०२४ आठवत असेलच. विधानसभेसोबत लोकसभेची पोटनिवडणूकही होती, म्हणजे एकाच केंद्रावर दोन बटणं दाबायची होती.

खासदार अशोक चव्हाणांची कारकीर्द समजून घ्यायची तर तो दिवस बघा. वडील शंकरराव राज्याचे मुख्यमंत्री आणि देशाचे गृहमंत्री होते. १९८७ च्या पोटनिवडणुकीत अशोकराव तिशीच्या आतच लोकसभेत पोचले. २००८ मध्ये मुख्यमंत्री झाले, 'आदर्श' प्रकरणात २०१० ला पायउतार झाले. २०१४ च्या मोदी लाटेत राज्यात काँग्रेसचे दोनच खासदार आले, त्यातले एक हे. मग नावच चालतं, असं म्हणाल? २०१९ ला त्याच नांदेडनं त्यांना पाडलं. २०२४ च्या फेब्रुवारीत ते भाजपात गेले आणि राज्यसभेवर बिनविरोध निवडून आले. तिथं तुमचं-आमचं बटण लागत नाही!

आता ती दोन बटणं. भोकरमधून त्यांची लेक श्रीजया जिंकली. नांदेड लोकसभेतल्या सहाही विधानसभा महायुतीनं घेतल्या. लोकसभेला मात्र काँग्रेसचे रवींद्र चव्हाण आले, १,४५७ मतांनी. (हे चव्हाण वेगळे, नायगावचे. पण तेही दिवंगत खासदार वसंतरावांचे चिरंजीव, बरं का.) शेजारच्या लातुरात विलासराव देशमुखांचे अमित जिंकले, तर धाकटे धीरज लातूर ग्रामीणमध्ये पडले.

१,४५७ म्हणजे किती? एखाद्या मोठ्या कॉलेजात याहून जास्त पोरं-पोरी असतात.