वालधुनीचे खत आणि समुद्राचा रंग

विठ्ठलवाडी स्टेशनाच्या बाजूला वालधुनीचा जो काळा, फेसाळ प्रवाह उल्हासनगर कॅम्प ४ च्या रहिवाशांच्या नित्य दृष्टीस पडतो, त्यात हिरवेपणा फारसा आढळत नाही, याचे कारण शेवाळाला तेथे खाद्य कमी पडते हे नव्हे. खाद्य मुबलक आहे. पण गढूळ पाण्यात सूर्यप्रकाश शिरत नाही आणि सांडपाण्यात मिसळलेली रसायने कोवळ्या जीवाला वाढू देत नाहीत. जे नत्र आणि जे स्फुरद येथे निरुपयोगी ठरते, ते नाहीसे मात्र होत नाही. शके ९८२ मधील अंबरनाथच्या शिवमंदिराच्या कडेने आलेली ही नदी ते कल्याणजवळ उल्हास नदीच्या हवाली करते आणि तेथून ते खाडीवाटे अरबी समुद्राकडे निघते.

अशा खताचा प्रताप पाहण्यास समुद्रापर्यंत जावयास नको. कर्जत-बदलापूरकडून येणारी उल्हास मोहन्याच्या बंधाऱ्यामागे संथ होते, आणि तेथे उन्हाळ्यात जलपर्णी पात्र झाकून टाकते. जलपर्णी ही सपुष्प वनस्पती, शेवाळाशी तिचे नाते नाही. परंतु साचलेले पाणी, भरपूर ऊन आणि गावोगावचे सांडपाणी ही जी तिची भूक भागविणारी सामग्री, तीच समुद्रातील सूक्ष्म शैवालांनाही हवी असते.

आल्फ्रेड रेडफिल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखविले की, समुद्रातील या तरंगत्या जीवांच्या देहात कार्बन, नत्र आणि स्फुरद यांचे अणू साधारणपणे १०६, १६ आणि १ या प्रमाणात असतात. करंडक वनस्पतींना, म्हणजे माशांच्या पिलांचे पोषण ज्यांवर अवलंबून असते त्या काचेच्या कवचाच्या शैवालांना, याखेरीज सिलिकाही लागते. सिलिका खडक झिजून पाण्यात येते. शहराच्या गटारांतून नत्र आणि स्फुरद जितके येते, त्या मानाने ती फारच थोडी. ती संपली की करंडक वनस्पतींची वाढ खुंटते, उरलेल्या खतावर कशाभिकांनी पोहणाऱ्या जीवांचे फावते, आणि विषारी जातींचा भरणा याच वर्गात अधिक आहे. सांडपाणी समुद्रात केवळ शेवाळ वाढवीत नाही, ते कोणते शेवाळ वाढावे याचाही निवाडा करते, ही गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते.

त्या विषाचा दाखला दूरचा नाही. १९८३ साली मंगळूरजवळच्या कुंबळे येथे शिंपल्यांतले मांस खाल्ल्याने अनेकांना बाधा झाली आणि एक मुलगा दगावला. शिंपल्यांतले जीव पाणी गाळून अन्न घेत असल्यामुळे विष त्यांच्या देहात साठत जाते, त्यांना स्वतःला फारशी इजा होत नाही, आणि तिसऱ्यांचे कालवण कितीही उकळले तरी ते विष उतरत नाही; ओठांना मुंग्या येण्यापासून त्याची सुरुवात होते व श्वास बंद पडण्यापर्यंत मजल जाते.

नोव्हेंबर २०२० मध्ये जुहूच्या आणि देवगडच्या किनाऱ्यांवर रात्री लाटा निळ्या उजळल्या, तेव्हा लोकांनी कौतुकाने गर्दी केली. तो प्रकाश नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवाचा. विष तो करीत नाही; पण त्याच्या देहात अमोनिया साठतो आणि त्याचा दाट बहर कुजू लागला की पाण्यातील प्राणवायू खर्ची पडून मासे गुदमरतात.

येथे न्यायाला सोडून चालणार नाही. अरबी समुद्रातील प्रत्येक बहराची फिर्याद उल्हासनगरच्या नावे दाखल करणे गैर होईल; पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगत तळाचे पोषक पाणी वर येते, आणि हिवाळ्यात उत्तरेकडील समुद्रात थंड झालेला वरचा थर खालच्या पाण्यात मिसळतो, हे व्यवहार मनुष्याची वसाहत होण्यापूर्वीपासून चालत आले आहेत. परंतु जो समुद्र मुळातच प्राणवायूच्या बाबतीत काठावर उभा आहे, त्याच्या पदरी आणखी खत टाकण्याचा हक्क त्यामुळे आपल्याला मिळत नाही.

सांडपाण्यावरील नेहमीच्या प्रक्रियेत सेंद्रिय घाण कमी होते. नत्र आणि स्फुरद काढण्याची तजवीज वेगळी करावी लागते, आणि ती झाल्याखेरीज स्वच्छ दिसणारे पाणीही खतच राहते. मोहन्याला जलपर्णी उपसण्याचे काम निघते तेव्हाही नुसते पात्र मोकळे होणे पुरेसे नाही, कारण उपसलेला ढीग काठावरच कुजत राहिला, तर पहिल्या पावसाबरोबर त्यातील नत्र आणि स्फुरद पुन्हा उल्हासमध्येच उतरते.