कवटीपलीकडचा नाद

ठाणे हे तलावांचे गाव. परंतु कोणी चिडून ‘याला ठाण्याला पाठवा’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात मासुंदा तलाव नसतो. १९०१ साली सुरू झालेले आणि नरोत्तमदास माधवदास यांच्या दानशूरपणाची आठवण सांगणारे येथील मनोरुग्णालय त्याच्या डोळ्यांपुढे असते. या एका वाक्याच्या धाकाने किती घरांनी आपल्या माणसांची उदासी झाकून ठेवली असेल, याची मोजदाद नाही. १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यातच ‘आयपीएच’ ही संस्था काढली. अशा कामामुळे हा विषय निदान बोलण्यात तरी आला.

आम्ही येथे विचार करीत आहोत तो मात्र धाक झुगारून पुढे गेलेल्यांचा. डोंबिवलीहून रोज जलद गाडी पकडणारा माणूस एके दिवशी अंथरुणातून उठेनासा होतो. घरची मंडळी त्याला डॉक्टरांकडे नेतात, तो नेमाने गोळ्या घेतो, आणि तरीही मळभ हटत नाही. दोन निरनिराळी औषधे पुरेशा मात्रेत, काही आठवडे घेऊनही गुण आला नाही, तर वैद्यक त्या आजाराला उपचारांना दाद न देणारे नैराश्य म्हणते. अशी माणसे थोडी नाहीत. अमेरिकेत सुमारे चार हजार रुग्णांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. तीत चार टप्प्यांच्या उपचारांनंतरही निदान एक तृतीयांश लोक पूर्ण बरे झाले नव्हते.

गोळ्या थकल्या की पुढे काय? विजेचा झटका १९३८ साली रोम शहरात प्रथम दिला गेला. चित्रपटांनी त्याची जी बदनामी केली ती निराधार नव्हती; पण आजचा झटका तो नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्यावाचून झटका देण्यास बंदी केली आहे. तीव्र नैराश्यात तो आजही अतिशय गुणकारी उपाय आहे, जरी काही काळ स्मृतीला धक्का बसतो. दुसरा उपाय चुंबकाचा. १९८५ साली इंग्लंडात शेफील्ड येथे बार्कर यांनी डोक्याबाहेर धरलेल्या वेटोळ्यातून मेंदू चेतवून दाखविला. २००८ साली अमेरिकेत नैराश्यासाठी त्यास मान्यता मिळाली, आणि आपल्याकडेही मोठ्या शहरांत तो मिळतो. परंतु झटका सगळ्या मेंदूला हलवितो, तर नेहमीचा चुंबक वरच्या दोनतीन सेंटिमीटरांपलीकडे फारसा पोचत नाही.

आणि भीतीचे ठाणे तर खोल असते! कानशिलाच्या आत बरेच खाली, दोन्ही बाजूंना बदामाएवढा एकेक भाग आहे. त्याचे अमिग्डला हे नावदेखील ग्रीक भाषेतल्या बदामावरूनच आले. चिंता आणि भय यांच्याशी त्याचा निकटचा संबंध. तेथे पोचायचे तर आजवर कवटीला भोक पाडून तार घालणे एवढाच मार्ग होता.

ध्वनी हे काम कवटी न उघडता करू पाहतो. आपला कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा नाद ऐकतो. येथे वापरतात तो सुमारे पाच लाख कंपनांचा. गर्भवतीच्या सोनोग्राफीतही असाच न ऐकू येणारा ध्वनी असतो, तेथे कंपने याहूनही अधिक. कंपने जितकी जास्त तितका ध्वनी हाडात शोषला जातो, म्हणून कवटीसाठी ती कमी ठेवावी लागतात. मुले भिंगाने उन्हाची किरणे एका ठिपक्यात गोळा करतात, तसा हा ध्वनी एका जागी गोळा करता येतो. वाटेतल्या भागाला तो क्षीण लागतो. नेमक्या ठिकाणी, तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढ्या जागेत, त्याचा जोर एकवटतो. मात्र हा जोर पेशी भाजण्याइतका नसतो. कापऱ्या हातांच्या आजारात २०१६ पासून मान्य झालेला तीव्र ध्वनी पेशी जाळतो. येथे त्यांना फक्त हेलावणे असते. त्या हेलकाव्याने पेशीच्या आवरणातली सूक्ष्म दारे उघडमीट होत असावीत, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे.

कल्पना जुनी आहे. १९५८ साली अमेरिकेत फ्राय व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजराच्या मेंदूतला दृष्टीचा प्रतिसाद ध्वनीने काही वेळ मंदावून दाखविला, आणि तो पुन्हा परतलाही. नैराश्याच्या रुग्णांवरचे प्रयोग मात्र ताजे आहेत. टेक्सासच्या ऑस्टिन येथील विद्यापीठाने २०२५ साली अमिग्डलावर तीन आठवडे रोज ध्वनी देऊन पाहिला, आणि नैराश्य व चिंतेची लक्षणे उतरल्याचे नोंदविले.

येथे आम्ही जरा थांबतो. त्या तीन आठवड्यांत तुलनेसाठी खोटा ध्वनी दिलेला गट नव्हता. रोज कोणी आपुलकीने विचारपूस केली, मोठ्या यंत्राखाली निजविले, तर एवढ्यानेही माणसाला बरे वाटते. २०१८ साली तर आणखी एक घोटाळा उघड झाला: प्रयोगातल्या उंदरांचा मेंदू ध्वनीने थेट चेतला असे वाटत होते, पण पुष्कळ अंशी ते बिचारे यंत्राचा आवाज कानाने ऐकत होते! तारेच्या शस्त्रक्रियेचा इतिहासही ध्यानात ठेवावा. २००५ साली सहांपैकी चार रुग्ण सुधारले म्हणून जग हरखले. पुढे मोठ्या चाचणीत, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, चालू तार आणि बंद तार यांत ठळक फरक दिसला नाही.

तेव्हा उद्या कोणी ‘ध्वनीने नैराश्य घालवितो’ अशी पाटी लावली, तर दोन प्रश्न विचारावेत. हा उपचार आहे की प्रयोग? प्रयोग असेल, तर तो भारताच्या चाचणी-नोंदवहीत नोंदलेला आहे काय? ही नोंदवही कोणालाही पाहता येते. आणि प्रयोगापायी होणारा जादा खर्च रुग्णाकडून घेऊ नये, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. दरम्यान चालू गोळ्या स्वतःच्या मनाने सोडू नयेत. झटका वा चुंबक आपल्याला लागू पडेल का, हे डॉक्टरांना विचारण्यात संकोच नको. आणि रात्री-अपरात्री जीव नकोसा वाटला, तर केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. तेथे मराठीतही बोलता येते.