नाव एक, वाचणारे दोन

सी भाषेत आकड्याला नाव देता येते. प्रोग्रामच्या सुरुवातीला ‘#डिफाइन’ लिहून किमान शिल्लक ५०० असे ठरवले, की पुढे नावच वापरायचे. सी कंपायलरचा प्रीप्रोसेसर त्याजागी आकडा घालतो. उद्या मर्यादा १,००० झाली तर एकच ओळ बदलते. मात्र प्रोग्राममध्येच डेटाबेसची क्वेरी लिहिलेली असेल, तर ही सोय दगा देते. ‘एक्झेक एसक्यूएल’ने सुरू होणाऱ्या ओळी सी कंपायलरला कळत नाहीत. म्हणून ओरॅकलचे प्रो-सी किंवा पोस्टग्रेसचे ईसीपीजी फाइल आधी वाचते, क्वेरीचे फंक्शन-कॉल करते आणि मगच ती कंपायलरकडे जाते. ‘#डिफाइन’ हा दुसऱ्या वाचकाला, म्हणजे कंपायलरला, दिलेला निरोप. पहिला तो क्वेरीत भरत नाही. नाव तसेच डेटाबेसपाशी जाते, तो ते रकान्याचे समजतो आणि सापडले नाही की चूक दाखवतो. त्या नावाचा रकाना खरोखरच असला तर चूकही दिसत नाही, आणि ते अधिक वाईट.

मग क्वेरीत थेट ५०० लिहावे का? आकडा क्वचितच बदलतो, हे खरे. पण बदलतो तेव्हा कोणते ५०० शिलकीचे आणि कोणते दंडाचे, हे शोधायला कोणीतरी बसावे लागते. ईसीपीजीत ‘एक्झेक एसक्यूएल डिफाइन’ आहे, ते क्वेरीत चालते. परंतु ईसीपीजीतून न जाणाऱ्या साध्या सी फाइलींना ते नाव ठाऊक नसते आणि आकडा पुन्हा लिहावा लागतो. त्यापेक्षा ‘#डिफाइन’चे मूल्य सी व्हेरिएबलमध्ये ठेवून ते विसर्गासारख्या चिन्हाने, म्हणजे कोलनने, क्वेरीत द्यावे. यावर जाणकार म्हणतील, की आकडा आधी दिसला नाही तर डेटाबेसला शोधाचा उत्तम मार्ग निवडता येत नाही. माहितीची वाटणी फार विषम असेल तेव्हा हे खरे ठरते. तेवढ्या क्वेरींपुरता अपवाद करावा.

क्वेरीतून आलेला मजकूर ज्या सी अ‍ॅरेत ठेवायचा, त्याच्या लांबीला मात्र व्हेरिएबल चालत नाही. तिथे डिफाइन केलेले नाव किंवा थेट आकडाच हवा. ती लांबी मोजतानाही मराठीत फसगत होते. पोस्टग्रेसचा २० अक्षरांचा रकाना काना-मात्राही वेगळे मोजतो, आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘नारायण’ची ६ चिन्हे म्हणजे १८ बाइट. असा रकाना पूर्ण भरला तर ६० बाइट, शिवाय शेवटचे शून्य: अ‍ॅरे ६१चा हवा. तिथे २१ लिहिले, की नाव मधेच तुटते.