सिल्फ्राचे निर्मळ पाणी

आइसलँडमधील थिंगवेटलिरच्या ज्या मैदानावर इ. स. ९३० मध्ये आल्थिंग ही लोकसभा प्रथम भरली, आणि ज्याची २००४ मध्ये जागतिक वारशात गणना झाली, तेथेच सिल्फ्रा नावाची एक जलपूर्ण भेग आहे. तिचे पाणी बारमाही २ ते ४ अंश सेल्सिअस इतके थंड असते; तरीही डोळ्यांवर काचेचा मुखवटा चढवून, तोंडात श्वसननलिका धरून त्यावर पालथे तरंगण्यासाठी दूरदूरचे प्रवासी तेथे येतात. येथे एक हात अमेरिकेला आणि दुसरा युरोपला लागतो, असे त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितले जाते. भूशास्त्राला मात्र हे मान्य नाही. दोन भूपट्ट वर्षाकाठी सुमारे २ सेंटिमीटर एकमेकांपासून दूर सरतात हे खरे, परंतु त्यांची सरहद्द शेताच्या बांधासारखी एकच रेघ नसून कित्येक किलोमीटर रुंदीचा, असंख्य भेगांनी विदीर्ण झालेला मुलूख आहे, आणि सिल्फ्रा ही त्यांपैकी केवळ एक भेग होय.

माझ्या मते तिचे खरे ऐश्वर्य पाण्यात आहे. लांगयोकुल या हिमक्षेत्राचे वितळलेले पाणी सच्छिद्र लाव्हाखडकांतून सुमारे ५० किलोमीटर झिरपत, त्या प्रवासात कित्येक दशके घालवून, येथे प्रकट होते. गाळ वाटेतच अडतो, आणि शैत्य व संथ अखंड प्रवाह यांमुळे पाणी गढूळ करणाऱ्या सूक्ष्म जीवांना फारसा थारा मिळत नाही. मालवणच्या समुद्रात थोड्या अंतरावरचा खडकही धूसर होतो. सिल्फ्रात दृष्टी शंभर मीटरांपर्यंत पोचते, आणि खाली निळाईत उतरत गेलेले खडे कडे पाहताना आपण तरंगत नसून अधांतरी आहोत असा भास होतो. मासे क्वचितच दिसतात. पृष्ठभागालगत मात्र लांब केसांसारखे हिरवेगार शेवाळ हेलकावत असते. हे पाणी पिण्याजोगे असल्याने नळीत चुकून घोटभर शिरले तरी चिंता नसते.

थंडीचा बंदोबस्त कोरड्या पोशाखाने होतो. गळ्याशी व मनगटांशी घट्ट आवळलेल्या या जलाभेद्य पोशाखात, आतल्या उबदार कपड्यांच्या थरांत कोंडलेली हवा शरीराची ऊब राखते आणि देहाला तरंगतही ठेवते. हातमोज्यांत मात्र पाणी शिरते, आणि उघडे ओठ काही मिनिटांतच बधिर होतात. पोशाख तरंगवत असला तरी पोहता न येणाऱ्यास येथे उतरण्याची मुभा नाही. हृदयाचा वा श्वसनाचा विकार असणाऱ्याने वैद्यांचा सल्ला घेतल्यावाचून या वाटेस जाऊ नये, कारण अशा शीत जलात प्राणहानी झाल्याचे दाखले आहेत.

प्रवाह स्वतःच पुढे नेत असल्याने श्रम थोडेच पडतात. शेवटच्या उथळ सरोवरात मात्र तळाशी बारीक गाळ साचलेला असतो आणि पायाच्या एका फटकाऱ्यानेही तो उसळून मागून येणाऱ्यांपुढचे पाणी गढूळ होते. म्हणून तेथे पाय न टेकता, हलक्या हातांनीच वल्हवत पुढे सरकण्याची वाटाड्यांची सक्त ताकीद असते.